पाहुण्याची संमती

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी संमेलनात चिटणिसांनी केलेले भाषण)



अशा समारंभात चिटणिसाने उभे राहावे, पंचाहत्तर वर्षांच्या कार्याचा आढावा घ्यावा, दिवंगत आश्रयदात्यांचे स्मरण करावे आणि देणग्यांचे आवाहन करून खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आढावा अहवालात छापलेला आहे, स्मरण अध्यक्षांनी आताच केले, आणि आवाहन खजिनदार करतीलच. त्यात ते माझ्याहून अधिक वाकबगार आहेत. मला कार्यकारी मंडळाने विषय दिला आहे तो आपल्या वेबसाइटवरील कुकींचा आणि त्यांना लागणाऱ्या संमतीचा. विषय जाहीर होताच एका आजींनी मला विचारले की, कुकी म्हणजे चहाबरोबरची का? बडोद्यात जन्म गेलेल्या माणसाला कुकी म्हटले की नानकटाईच आठवावयाची. ही कुकी निराळी. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी मला तुम्हांला आपल्या कचेरीतल्या एका कपाटाची आठवण करून द्यावयाची आहे.

कचेरीत शिरल्यावर डाव्या हाताला जे लाकडी कपाट आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात साहाय्याची जुनी वहीखाते आहेत. वरच्या कप्प्यातील देणगीदारांच्या वह्या कोणीही पाहाव्यात. देणगीदारांची नावे आपण दरवर्षी अहवालात छापतो आणि भिंतीवर संगमरवरातही कोरतो. खालच्या कप्प्याला मात्र पहिल्यापासून दोन कुलपे आहेत. एक किल्ली चिटणिसाकडे, दुसरी खजिनदाराकडे. कोणत्या विद्यार्थ्याची फी भरली, कोणत्या घरी औषधपाण्यासाठी पैसे पोचले, कोणत्या विधवेला शिवणयंत्र दिले, हे अहवालात फक्त आकड्यांनी येते. नाव येत नाही. हा नियम घटनेत लिहिलेला नाही. संस्थापकांनी तो पाळला, त्यांच्या मागून आलेल्यांनी पाळला, आणि ज्यांना साहाय्य मिळाले त्यांनी पुढे सुस्थितीत आल्यावर याच संस्थेला देणग्या दिल्या, त्या बऱ्याच अंशी या दोन कुलपांमुळे, असे माझे मत आहे.

आता मला जे सांगावयाचे आहे ते सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात दोष माझा आहे.

काही वर्षांपूर्वी आपण संस्थेची वेबसाइट नव्याने करून घेतली. काम एका व्यवसायिकाकडे दिले. वधूवर सूचक मंडळाची नोंदणी, पुनर्विवाहाची स्वतंत्र यादी, वैद्यकीय साहाय्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, देणगीची सोय, हे सारे एका ठिकाणी आले आणि सर्वांना आनंद झाला. करणाऱ्याने विचारले, "किती लोक वेबसाइट पाहतात ते मोजायचे ना? कार्यक्रमांची जाहिरात समाजमाध्यमांवर द्यावी लागली तर तीही सोय करून ठेवू ना?" मी म्हटले, ठेवा. मी काय ठेवा म्हटले ते मला तेव्हा समजले नव्हते.

त्यानंतर एका पावसाळ्यात आपल्या समाजातील एक तरुण विधवा भगिनी कचेरीत आल्या. त्यांनी पुनर्विवाहाच्या यादीत नाव नोंदविण्याचा विचार केला होता. नाव अद्याप नोंदविलेही नव्हते. सासरी राहतात, मूल लहान आहे, घरात एकच संगणक, तो सर्वांचा. दुपारी घर निजलेले असताना त्यांनी आपले ते पान दोन-तीनदा उघडून वाचले. पुढच्या दोन दिवसांत त्याच संगणकावर त्यांचे सासरे वर्तमानपत्र वाचावयास बसले, तर बातमीच्या शेजारी पुनर्विवाह जुळवून देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. सासरे शहाणे गृहस्थ. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. पण जी गोष्ट सुनेने योग्य वेळी, योग्य शब्दांत स्वतः सांगावयाची, ती एका जाहिरातीने सांगून टाकली. त्या भगिनी माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे आलं की कोणाला कळत नाही, असं आई सांगायची."

ती जाहिरात आपल्याच पानामुळे आली, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकत नाही. परंतु आपण वाट उघडी ठेवली होती, हे मात्र लवकरच सिद्ध झाले. मंडळातील दोन तरुण सभासदांनी माझ्यासमोर एका कोऱ्या ब्राउझरमध्ये आपली वेबसाइट उघडली, आणि ब्राउझरच्या आत जिथे अशा चिठ्ठ्या साठतात ती जागा मला दाखविली. एकाही बटणाला हात लावण्यापूर्वी तिथे सतरा कुकी येऊन बसल्या होत्या. आपल्या स्वतःच्या तीन. उरलेल्या चौदा कोणाच्या, त्यांतील निम्म्यांची नावेही मला वाचता आली नाहीत.

तर ही कुकी म्हणजे काय? ती एक चिठ्ठी आहे. आपण एखादी वेबसाइट उघडली म्हणजे तिचा सर्व्हर आपल्या ब्राउझरच्या हाती एक छोटी चिठ्ठी देतो. जास्तीत जास्त चार हजार अक्षरांची, बहुधा त्याहून पुष्कळ लहान. तीवर एखादा क्रमांक असतो आणि मुदत असते. पुढच्या वेळी ब्राउझर त्याच ठिकाणी गेला की ती चिठ्ठी निमूटपणे परत दाखवितो. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ही युक्ती काढली, आणि हेतू अगदी निर्मळ होता. वेबच्या रचनेत स्मरणशक्ती नाही. एक पान देऊन झाले की सर्व्हर आपल्याला विसरतो. मग दुकानात एक वस्तू टोपलीत टाकून दुसरी पाहावयास गेलेल्या गिऱ्हाइकाची टोपली कोणती, हे कळावे कसे? त्यासाठी चिठ्ठी. कुकी हे नाव संगणकाच्या जुन्या कारागिरांच्या बोलीतले आहे. एका कार्यक्रमाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाच्या खुणेच्या पुडीला ते 'मॅजिक कुकी' म्हणत.

देवळाबाहेर जोडे ठेवताना मिळणारा बिल्ला आठवा. बिल्ल्यावाचून जोडे परत मिळणार नाहीत, आणि जोडे मिळाले की बिल्ल्याचे काम संपले. दुकानाची टोपली, देणगीच्या अर्जातील अर्धवट भरलेला तपशील, सभासदाने आत प्रवेश केल्याची खूण, या सर्व कुकी त्या बिल्ल्यासारख्या. यांना कोणाचाच आक्षेप नाही.

घोटाळा पुढे झाला. आपल्या पानावर केवळ आपलाच मजकूर असतो असे नाही. त्यात दुसऱ्या कंपनीचे नकाशाचे चौकोन, व्हिडिओ, मोजणीयंत्रे, समाजमाध्यमांची बटणे बसविलेली असतात. पान उघडताच ब्राउझर त्या त्या कंपनीकडेही जातो, आणि तीही आपापली चिठ्ठी देते. तीच कंपनी हजारो वेबसाइटींवर अशीच बसलेली असल्यामुळे तोच बिल्ला तिला प्रत्येक ठिकाणी दिसतो. सकाळी हा माणूस बातम्या वाचीत होता, दुपारी मूत्रपिंडाच्या विकारासाठी साहाय्य कोठे मिळते ते पाहत होता, रात्री कर्जाचे दर पाहत होता. नाव ठाऊक नसले तरी चालते; बिल्ल्याचा क्रमांक पुरतो. देवळाबाहेरचा जोडेवाला जर गावातील प्रत्येक देवळाबाहेर, दवाखान्याबाहेर, सावकाराच्या पेढीबाहेर उभा असता आणि रोज रात्री वही लिहीत असता, तर आपण काय म्हटले असते? येथे तसे तीस वर्षे चालले आहे. अलीकडे काही ब्राउझरांनी अशा परक्या चिठ्ठ्या स्वतःहून अडवावयास प्रारंभ केला. ॲपलच्या सफारीने २०२० पासून त्या पूर्ण अडविल्या. सर्वांत अधिक वापरात असलेल्या क्रोमने मात्र त्याच वर्षी तसा निश्चय जाहीर केला आणि २०२४ मध्ये तो सोडून दिला. तेव्हा ब्राउझर आपली अब्रू राखील, या भरवशावर संस्थेने राहता येणार नाही.

या बाबतीत कायदा प्रथम केला तो युरोपने. २००२ सालच्या त्यांच्या निर्देशात कुकींविषयी वापरणाऱ्यास माहिती द्यावी आणि त्याला नाकारण्याची संधी असावी, असे होते. २००९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, आधी संमती मग कुकी, असा क्रम आला. फक्त सेवेसाठी अगदी आवश्यक असलेल्या बिल्ल्यांना सूट राहिली. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर या नावाने प्रसिद्ध असलेला मोठा कायदा लागू झाला आणि संमती कशाला म्हणावे हे त्याने काटेकोरपणे सांगितले. तेव्हापासून जगातील प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी ती पट्टी दिसू लागली, जी आपण सर्वजण न वाचता दाबून टाकतो.

पट्टी लावणे आणि संमती घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे तेथील न्यायालयांना पुनःपुन्हा सांगावे लागले. एका जर्मन लॉटरीच्या वेबसाइटने संमतीच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवली होती. नको असेल त्याने ती पुसावी. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट-४९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात निर्णय दिला की, दुसऱ्याने करून ठेवलेली खूण ही संमती नव्हे. शिवाय कुकी किती काळ राहणार आणि ती आणखी कोणाच्या हाती पडणार, हेही सांगितले पाहिजे. २०२० मध्ये तेथील नियामक मंडळाने स्पष्ट केले की, पान खाली सरकविले म्हणजे मान्यता दिली, असेही समजता येणार नाही. आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला पंधरा कोटी युरो व फेसबुकला सहा कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. कारण ऐकण्यासारखे आहे. 'मान्य' म्हणावयास एकच बटण दाबावे लागे, आणि 'नको' म्हणावयास अनेक. एवढ्यासाठीच हा दंड. मला हे फार मार्मिक वाटते. पंगतीत वाढपी 'वाढू का' असे विचारीत असतानाच पानात जिलबी टाकतो, त्याला आपण हसतो. पण तिथे निदान प्रेम असते.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे तिकडचे. आपल्याला त्याचे काय? दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, आपली मुले-नातवंडे जर्मनीत, हॉलंडमध्ये, आयर्लंडमध्ये आहेत. त्यांनी तेथून सहज आपली वेबसाइट पाहिली एवढ्याने युरोपचा कायदा आपल्याला लागत नाही. पण आपण वधूवर मंडळाच्या पानावर युरोपात राहणाऱ्यांना उद्देशून नोंदणीचे निमंत्रण द्यावे आणि शुल्क युरोमध्ये घ्यावे, म्हणजे आपण तेथे दुकान मांडले असाच अर्थ होऊ शकतो. मागील वर्षी तशी सूचना आली होती. उत्साहाच्या भरात ती मंजूर करू नये, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे.

दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या घरचाच कायदा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमताने सांगितले की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर बऱ्याच मसुद्यांनंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यात कुकी हा शब्द कोठेही नाही. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, अशी त्याची व्याख्या आहे, आणि माणसाचा माग काढणारा बिल्ला त्या व्याख्येत सापडू शकतो. संमती कशी असावी? मोकळ्या मनाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, समजून उमजून, विनाअट, निःसंदिग्ध, आणि स्पष्ट कृतीने दर्शविलेली. या सहा विशेषणांपैकी माझ्या त्या जुन्या पट्टीत एकही बसत नव्हते. ती पट्टी इंग्रजीत होती, दुसऱ्या कोणत्या तरी वेबसाइटवरून उचललेली. 'वापर चालू ठेवल्यास आपली संमती समजली जाईल' असे तिचे म्हणणे, आणि बटण एकच, 'ओके'.

कायद्यात एक उदाहरण दिले आहे ते फार बोलके आहे. दुरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एका ॲपने सल्ल्यासाठी माहिती वापरण्याची आणि त्याबरोबरच रुग्णाच्या मोबाईलमधील संपर्कयादी घेण्याची, अशी दोन्हींची संमती मागितली, आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला. तरी संपर्कयादीची सल्ल्यासाठी गरजच नसल्यामुळे ती संमती सल्ल्यापुरतीच मानावी, असे कायदा म्हणतो. म्हणजे नुसता होकार मिळाला की काम झाले, असे नव्हे. जे लागत नाही ते मागूच नये.

आणखी तीन तरतुदी आपल्या उपयोगाच्या आहेत. संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे. आपल्या घरी मराठी, बाजारात गुजराती, म्हणून आपण दोन्ही ठेवल्या. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवणे व त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती यांस बंदी आहे. काही ठरावीक अपवाद सोडले तर. आपल्या शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्जदार शाळेतले.

दंडाचे आकडे मी मुद्दामच शेवटी ठेवले. सुरक्षिततेची काळजी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत, आणि संमतीसारख्या इतर तरतुदी मोडल्यास पन्नास कोटींपर्यंत. हे आकडे मंडळाच्या सभेत वाचून दाखविले तेव्हा खजिनदारांनी पाणी मागविले. ही कमाल मर्यादा आहे, चुकीचे स्वरूप व गांभीर्य पाहून रक्कम ठरावयाची आहे, हे मी त्यांना लगेच सांगितले. आणि खरे सांगावयाचे तर, त्या भगिनींचे एक वाक्य मला या आकड्यांहून अधिक लागले आहे.

मंडळात यावर चर्चा झाली ती तीन सभा चालली, आणि ती सुखाची नव्हती. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, लोक आपणहून येतात, कोणी ओढून आणीत नाही. मग दारात संमती विचारण्याचे नाटक कशाला? त्यांना मी कपाटाच्या दोन कुलपांची आठवण दिली. खालच्या कप्प्यात नाव आलेला माणूसही आपणहूनच आला होता. खजिनदारांचा आक्षेप अधिक व्यावहारिक होता. मोठे देणगीदार विचारतात की वेबसाइट किती लोक पाहतात. 'नको' चे बटण 'ठेवा' इतकेच ठळक केले तर निम्मे लोक 'नको' म्हणतील आणि आकडा घसरेल. त्यांचे भाकीत खरे ठरले. आता मोजणीत पूर्वीच्या निम्मेही पाहुणे दिसत नाहीत. पाहुणे कमी झाले असे वाटत नाही, कारण अर्ज पूर्वीइतकेच येतात. मोजू देणारे कमी झाले. हा तोटा आहे आणि तो तोटा म्हणूनच मी तुमच्यापुढे मांडतो.

प्रत्यक्षात आम्ही काय केले, ते ज्यांच्या स्वतःच्या पेढ्या, शिकवण्या किंवा दवाखाने आहेत त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलाने सांगतो. आधी पट्टी नव्हे, आधी झाडलोट. सतरांपैकी प्रत्येक चिठ्ठी कोणाची, कशासाठी, किती दिवसांची, हे कागदावर लिहिले. हे काम दोन संध्याकाळींत झाले. जिच्यापुढे 'कशासाठी' या रकान्यात काही लिहिता आले नाही, ती काढून टाकली. समाजमाध्यमाच्या जाहिरातीचा तुकडा गेला. त्याचा उपयोग आपण एकदाही केला नव्हता. मंगल कार्यालयाचा नकाशा पानात बसविण्याऐवजी पत्ता आणि एक साधा दुवा ठेवला. संमेलनांच्या व्हिडिओंच्या जागी त्यांचे छायाचित्र लावले. ज्याला पाहावयाचा असेल त्याने दाबावे, तोवर व्हिडिओच्या कंपनीला पाहुण्याची खबर लागत नाही. मराठी अक्षरांचे वळणसुद्धा आपण एका परक्या सर्व्हरवरून मागवीत होतो. ते आता आपल्याच सर्व्हरवर आहे. हा अतिरेक वाटेल, पण जानेवारी २०२२ मध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने नेमक्या याच गोष्टीसाठी, गूगलकडून अक्षरवळण मागविताना पाहुण्याचा इंटरनेट पत्ता तिकडे गेला म्हणून, एका वेबसाइट चालकास शंभर युरो भरपाई द्यावयास लावली होती.

एवढे झाल्यावर उरल्या चार कुकी, आणि विचारण्यासारखी त्यांत एकच, मोजणीची. मग पट्टी लिहिणे सोपे झाले. पट्टीच्या बाबतीत एक चूक बहुतेक ठिकाणी होते ती सांगून ठेवतो: पट्टी दिसते, पाहुणा 'नको' दाबतो, आणि कुकी मात्र पान उघडतानाच बसून गेलेली असते. तेव्हा वेबसाइट करणाऱ्याच्या शब्दावर न राहता कोऱ्या ब्राउझरमध्ये स्वतः पाहावे; काहीही न दाबता एकदा, 'नको' दाबून एकदा, 'ठेवा' दाबून एकदा. पहिल्या दोन वेळी मोजणीची कुकी दिसता कामा नये. आमच्याकडेही ती पहिल्या खेपेस दिसली आणि काम परत पाठवावे लागले. 'नको' हे उत्तर लक्षात ठेवण्यासाठीही एक कुकी लागतेच, यावर आमच्या तरुण सभासदांनी पुष्कळ विनोद केले. ती बिल्ल्याच्या जातीची. तिला हरकत नाही. ते उत्तर आपण सहा महिने लक्षात ठेवतो, मग पुन्हा एकदा विचारतो.

पुनर्विवाह, वैद्यकीय साहाय्य आणि शिष्यवृत्ती या तीन पानांवर मात्र मोजणीही नाही आणि प्रश्नही नाही. तेथे पाहुण्याने 'ठेवा' म्हटलेले असले तरी आपण ठेवीत नाही. हे कायद्याने सांगितलेले नाही. मंडळाने एकमताने ठरविले आहे, आणि ती तिसरी सभा होती.

देणगीदारांविषयी एक खुलासा. देणगीच्या पावतीसाठी आणि आयकराच्या कामासाठी जो तपशील घ्यावा लागतो, तो कायद्यानेच ठेवावयाचा असल्याने त्याची गोष्ट वेगळी. 'मला कुकी नको, तर माझा पॅन क्रमांकही पुसा' असे एका सद्गृहस्थांचे पत्र आले होते; त्यांना तसे कळविले आहे. ज्यांनी या कायद्यापूर्वी आपल्या वधूवर यादीसाठी संमती दिली आहे, त्यांनाही आपली कोणती माहिती कशासाठी ठेवली आहे आणि ती कशी काढून घ्यावी, हे कळविणे आपल्यावर बंधनकारक आहे. ती पत्रे लिहावयास घेतली आहेत. विवाह होऊन ज्यांना मुलेही झाली, त्यांची नावे अजून यादीत आहेत. त्यांनी तरी पत्राची वाट पाहू नये, आज जाताना कचेरीत सांगावे.

त्या भगिनींनी नाव नोंदविले की नाही, असे सकाळी मला एकांनी विचारले. ते मी सांगणार नाही.

शेवटी नव्या पट्टीचा मजकूर वाचून दाखवितो, म्हणजे माझे काम झाले.

"नमस्कार. ही वेबसाइट चालण्यासाठी आणि आपले उत्तर लक्षात ठेवण्यासाठी लागणाऱ्या तीन कुकी आम्ही ठेवतो. किती लोकांनी पान पाहिले हे मोजण्यासाठी आणखी एक ठेवू का? ती सहा महिने राहील आणि संस्थेबाहेर कोणाकडेही जाणार नाही. आपण नको म्हटले तरी सर्व पाने पूर्वीप्रमाणेच उघडतील. मत बदलले तर प्रत्येक पानाच्या तळाशी 'माझी संमती' असे लिहिले आहे, तेथे बदलता येईल." त्याखाली दोन बटणे, एकाच आकाराची, एकाच रंगाची: 'ठेवा' आणि 'नको'.

हा मजकूर मराठी आणि गुजरातीत मोठ्या अक्षरांत छापून सभागृहाच्या दाराशी लावला आहे, शेजारी दोरीला पेन्सिल बांधलेली आहे. जो शब्द कळणार नाही किंवा खटकेल त्याखाली रेघ मारावी. भोजनाची पंगत साडेबाराला आहे.